नाव बदलून घ्या

आमचं गाणं जगभरच्या ॲपवर लागणार होतं त्या सकाळी मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं आणि आधी फोन उघडला. आमच्या गायकाच्या जागी मला एका मेलेल्या माणसाचा फोटो दिसला.

पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, पुढ्यात हार्मोनियम. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावचे नात गाणारे, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीची गाणी म्हणणारे, एक बुजुर्ग गायक. फोटोखालचं नाव मात्र अक्षरन् अक्षर आमच्या गायकाचं, चाचांचं. आणि त्यांच्या त्या शांत, भरल्या गळ्याच्या गाण्यांच्या यादीत सगळ्यात वर आमचं नवं गाणं. कव्हरवर कांद्याची गोणी आणि तिच्यावर ठेवलेला भोंगा. मी ते दाबून पाहिलं. आमचंच होतं. चुकून दुसऱ्याच्या घरात जाऊन बसलेल्या पाहुण्यासारखं.

मला वाटलं, छोटीशी चूक आहे, दोन ओळी लिहिल्या की दुरुस्त होईल. तेव्हा मला या ॲपवाल्यांची ओळख नव्हती.

मी स्पीकर दुरुस्त करते. नाशिकच्या भद्रकालीत वडिलांचं दुकान होतं, ते आता माझं आहे. लग्नाच्या मंडपातले, भजनी मंडळांचे, बँडवाल्यांचे फाटलेले स्पीकर माझ्याकडे येतात. मी त्यांचा कागद बदलते, गुंडाळी नव्याने भरते. बाई हे काम करते म्हणून सुरुवातीला लोक स्पीकर देऊन तिथेच उभे राहायचे, नीट करते की नाही बघायला. आता ठेवून जातात.

रेगे मला याच कामातून भेटलं. दिंडोरीकडच्या एका वायनरीत शनिवारच्या दुपारी गाण्याचा कार्यक्रम होता. माझा मावसभाऊ तिथे बाटल्या भरायच्या विभागात नोकरीला. आलेल्या बँडचा खर्जाचा मोठा स्पीकर आवाजाच्या तपासणीतच बंद पडला म्हणून त्याने मला बोलावलं. मी तिथेच गवतावर बसून तो उघडला, जोडला, आणि म्हणाले, आता वाजवून बघा. त्यांनी वाजवलं ते रेगे होतं. बास गिटार आरामात चालत होती, आणि गिटारचा खटका जिथे पडायला हवा असं आपल्याला वाटतं तिथे न पडता जरा पुढे पडत होता. मी स्पीकरला हात लावून बसले होते. ते आधी हातात आलं, मग पोटात, कानात सगळ्यात शेवटी. तोवर मी आयुष्यभर स्पीकर नीट केले होते ते आवाज मोठा यावा म्हणून. एवढ्या खोल आवाजात इतकी मोकळी जागा असू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

मावसभाऊ बास वाजवायला शिकला. मी ऐकत सुटले. दोन वर्षांनी आम्ही दुकानामागच्या खोलीला गोधड्या ठोकल्या, एक चांगला माइक घेतला आणि आमचं लेबल काढलं. लेबल म्हणजे ऑफिस-बिफिस काही नाही. आपण रेकॉर्ड करायचं आणि आपल्या शिक्क्याने लोकांपुढे ठेवायचं, एवढंच. रेगे, पण आपल्या बोलीत.

चाचा मला विंचूरला मिळाले. कांदा बाजाराच्या आवारातला घोषणेचा भोंगा बिघडला होता, मी शिडीवर होते. खाली ट्रॅक्टरच्या रांगांतून लिलाव चालला होता. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत होता आणि मधोमध एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ भाव पुकारत होते. खरखरीत, खालचा आवाज. ते ठोक्यावर बोलतच नव्हते. ठोका जाऊ द्यायचे आणि त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत शब्द टाकायचे. शिडीवरच माझा पाय आपोआप हलायला लागला. रेगेत गाण्याऐवजी तालावर बोलणारे असतात. त्यांच्यातले कित्येक मी ऐकले होते. हे त्यांच्या बरोबरीचे होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

लिलाव संपल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, “चाचा, तुम्ही माझ्याकडे येऊन रेकॉर्डिंग कराल का?”

“कशाचं?”

“तुम्ही पुकारता तसंच. मागे बाजा वाजेल.”

“कांद्याचं गाणं?” ते हसले. “ताई, कांदा लोक खातेत, ऐकत नाय.”

पण ते आले. पहिल्या दिवशी माइकसमोर अवघडले. मग मावसभावाने बास सुरू केली आणि मी म्हटलं, कांदा राहू द्या, दुसरं काहीतरी विका. त्यांनी थोडा विचार केला आणि दुपार विकायला काढली. “दुपार हाय, बोला. सुकी दुपार हाय, वजनाला भारी हाय, आतून नासकी नाय. बोला.” कुणी बोली लावत नाही. मग ते दुपारीचे गुण सांगतात: भिंतीची सावली, गार झालेला चहा, झोपलेली बायको, बंद पंखा. तरी कुणी घेत नाही. शेवटी ते म्हणतात, राहू द्या, परत घरी नेतो. मावसभावाने बास थांबवली तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मी चहा आणायला बाहेर गेले, कारण माझेही भरले होते.

हे गाणं लोकांपर्यंत न्यायचा रस्ता आता सोपा आहे असं सगळे सांगतात. पूर्वी कॅसेट काढावी लागे, दुकानदारांचे पाय धरावे लागत. आता एक वितरण कंपनी असते. तिच्या संकेतस्थळावर गाणं चढवायचं, फॉर्म भरायचा, की ती सगळ्या ॲपवर, सगळ्या देशांत एकाच दिवशी ते लावते. मी फॉर्म भरला. भाषा मराठी, प्रकार रेगे. गायकाच्या जागी चाचांचं पूर्ण नाव लिहिलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. पुढच्या तीन महिन्यांत त्या माणसाला स्वतःचं नाव इतक्या ठिकाणी सिद्ध करावं लागलं, की आणखी एका ठिकाणी ते मांडून ठेवायची मला इच्छा नाही.

तर त्या सकाळी मी कंपनीला लिहिलं, की आमचं गाणं त्याच नावाच्या दुसऱ्या गायकाच्या पानावर गेलं आहे, हलवा. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. उत्तराखाली एका मुलीचं नाव होतं, पण ते मुलीने लिहिलेलं नव्हतं हे पहिल्या ओळीतच कळलं. आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. हे टाळण्यासाठी वेगळं, वैशिष्ट्यपूर्ण कलाकार-नाव निवडावं.

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, तेवढ्याच वेळात.

दरम्यान त्या पानावर लोक यायला लागले. त्या बुजुर्गांना मानणारे लोक. कुणी रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर त्यांचा आवाज ऐकणारं, कुणी आईच्या आठवणीत ऐकणारं. त्यांना आज त्या आवाजाऐवजी ढमढम बास आणि दुपारीचा लिलाव ऐकू आला. त्यांनी लिहिलं, लाज वाटत नाही का, गेलेल्या माणसाच्या नावावर धंदा करता? एकाने चाचांना चोर म्हटलं. मी एकेकाला उत्तर देत बसले, की हे दुसरे गृहस्थ आहेत, यांचं खरंच हेच नाव आहे. मग मी थांबले, कारण मलाच ते खोटारड्यासारखं वाटायला लागलं. आपलं नाव खरंच आपलं आहे असं दहा वेळा सांगणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवतं?

मला त्या लोकांचा राग आला नाही. त्यांचं दुखलं होतं. राग आला तो ज्यांनी दोन माणसांना एकाच गोणीत शिवलं आणि वर ‘तुमच्यातल्या एकाने दुसरं नाव घ्या’ म्हणून सांगितलं, त्यांचा.

त्याच आठवड्यात दोन पत्रं आली. पहिलं ब्राझीलमधल्या समुद्राकाठच्या एका शहरातून. लिहिणारा तिथल्या मैदानांत स्पीकरची भिंत उभी करून रेगे वाजवतो. त्याला आमचं गाणं कुणीतरी पाठवलं होतं. त्याने भाषांतर करून लिहिलं होतं, की मला शब्द कळत नाहीत, पण हा माणूस काहीतरी मौल्यवान विकतो आहे आणि कुणी घेत नाहीये एवढं कळतं. मी ते पत्र चाचांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “त्याला कळलं ताई. लय लांबच्या माणसाला कळलं.”

दुसरं पत्र कंपनीचं. आपल्या गायकाविरुद्ध दुसऱ्या कलाकाराची तोतयेगिरी केल्याच्या तक्रारी आल्या आहेत. तपास होईपर्यंत गाणं सर्व ठिकाणांहून काढण्यात येत आहे. गायकाने ओळखपत्र हातात धरून, स्वतःचं नाव उच्चारत व्हिडिओ पाठवावा.

तोतयेगिरी! मी तो शब्द दुकानात मोठ्याने वाचला. समोर एक बँडवाला स्पीकर घेऊन उभा होता, तो दचकला.

चाचा आले. दुकानामागच्या खोलीत गोधडीपुढे आधार कार्ड छातीशी धरून उभे राहिले, आणि नाव, बापाचं नाव, गाव, असं सांगितलं. ज्या खोलीत त्यांनी ते गाणं म्हटलं होतं त्याच खोलीत मी त्यांना पोलिस ठाण्यातल्यासारखं उभं केलं होतं. फोन धरलेला हात माझा होता. व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांनी उत्तर: कार्डावरचं इंग्रजी स्पेलिंग फॉर्मवरच्या स्पेलिंगशी जुळत नाही. मी फॉर्मवर जिथे एक अक्षर लिहिलं होतं तिथे आधारवाल्याने दोन लिहिली होती. ही चूक आधारच्या माणसाची की माझी, ठाऊक नाही. चाचांची नक्कीच नव्हती.

आणि मग मी ते केलं ज्याची मला अजून लाज वाटते.

स्पेलिंगवरून पत्रापत्री करत अडीच महिने गेले, मी दमले होते. दुकानातली कामं तुंबली होती. ब्राझीलवाला विचारत होता, गाणं गेलं कुठे? मावसभाऊ म्हणाला, “अगं, रेगेत सगळेच टोपणनावं घेतात. चाचांना एक झकास नाव देऊ. लोकांच्या लक्षातही राहील.” आम्ही बसून नावं काढली. ‘लिलाव मास्टर’. ‘कांदा किंग’. हसलोसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढून विंचूरला गेले.

लिलाव आटोपला होता. चाचा एका पिकअपच्या सावलीत बसून डबा खात होते. मला बघून त्यांनी अर्धी भाकरी पुढे केली. मी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हटलं, “चाचा, आपण नुसतं गाण्यापुरतं नाव बदलू. मोठेमोठे गायक घेतात टोपणनाव.”

“ते त्यांनी त्यांच्या मनानं घेतलं ना?”

“हो.”

“मला दुसरं कोणतरी सांगतंय.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. आवाज चढवला नाही. “ताई, माझं नाव माझ्या अब्बांनी ठेवलं. त्यांना लिहाया येत नव्हतं. शाळेत घालायला गेले तवा मास्तरांनी चुकीचं लिवलं. अब्बांनी म्हणून दाखवलं. मास्तरांनी परत चुकीचं लिवलं. अब्बा हलले नाय तिथून. तिसऱ्यांदा बरोबर लिवून घेतलं, मग घरी आले.”

त्यांनी डबा पिशवीत ठेवला.

“मागच्या साली पोरीच्या कॉलेजसाठी नाशकात खोली बघितली. फोनवर समदं ठरलं. किल्ली घ्यायला गेलो, नाव सांगितलं. मालक म्हणला, खोली आत्ताच गेली. बरं, तिथं माझं नाव नको. आता गाण्यालापण नको? मग ठेवू कुठं मी ते?”

शेजारी कुणीतरी गोण्या झटकत होतं. मी हातातली भाकरी तशीच धरून बसले होते.

“तुम्ही लय धडपड करता, मला दिसतं,” ते म्हणाले. “गाणं नाय लागलं तरी चालेल. मी काय गायक नाय. पण लागलं तर या नावानं लागंल.”

परत येताना मी ओझरच्या अलीकडे स्कूटर बाजूला घेतली आणि रडले. स्वतःवरच्या रागाने. त्या यंत्राने जे सांगितलं तेच मी गोड आवाजात, ताई होऊन, त्यांच्या जेवणाच्या वेळेला जाऊन सांगितलं होतं. यंत्राला निदान भाकरी कुणी दिली नव्हती.

घरी येऊन मी त्या बुजुर्गांचं पान पुन्हा उघडलं आणि या वेळी नीट पाहिलं. आमचं गाणं तिथून गेलं होतं, कांद्याच्या गोणीचं कव्हर मात्र अजून होतं. एका जुन्या मैफलीच्या व्हिडिओखाली घरच्यांचा फोन नंबर होता. लावला. त्यांच्या मुलीने उचलला. ती तिकडे शाळेत शिकवते. मी माझी ओळख सांगितली आणि ती उसळलीच.

“आप लोगों को शर्म नहीं आई? मेरे अब्बा की आवाज़ के बीच में आप प्याज़ बेच रहे हैं?”

“प्याज़ नहीं, दोपहर,” मी म्हटलं. माझ्या तोंडून ते असंच निघून गेलं.

मग तिने विचारलं, “क्या?”

मी माझ्या मोडक्या हिंदीत पहिल्यापासून सांगितलं. शिडी, भोंगा, चाचा, फॉर्म, आधार कार्ड. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, की तीसुद्धा अडीच महिन्यांपासून लिहिते आहे. तिच्या वडिलांची गाणी दुसऱ्या कंपनीकडून लागलेली, तरी तिकडूनही उत्तर एकच. तिने ते मला वाचून दाखवलं. आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. वेगळं, वैशिष्ट्यपूर्ण कलाकार-नाव निवडावं.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. माती दिलेल्या माणसाला त्यांनी नाव बदलायला सांगितलं होतं. कबरीवर कोरलेलं नाव! त्यांच्या लेकीला! ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. “कहाँ जाकर पूछूँ उनसे, बताइए?”

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून एकच पत्र लिहिलं आणि ते दोन्ही कंपन्यांना आणि प्रत्येक ॲपच्या पत्त्यावर, दोन बाजूंनी पाठवलं. ही दोन माणसं आहेत. एक हयात आहे, एक नाही. दोघांचं नाव एकच आहे आणि ते दोघांचंही आहे. दोघांपैकी कुणीही ते बदलणार नाही. तुमचं काम त्यांना ओळखायचं आहे, त्यांनी तुमच्या सोयीसाठी वेगळं व्हायचं नाही. शेवटचं वाक्य तिचं. शिक्षिकेचं वाक्य होतं ते. मला तसं सुचलं नसतं.

चौथ्या दिवशी माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. त्यात शुद्धलेखनाची चूक होती, त्यावरून ओळखलं. त्याने लिहिलं, दोन वेगळी पानं करतो आहे, झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे. खेद. पुढे एकही शब्द नाही. चोर म्हटल्याबद्दल नाही, गोधडीपुढे उभं केल्याबद्दल नाही. हे काम त्याला किती वेळाचं होतं असं मी विचारलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, पाच मिनिटं.

त्या पाच मिनिटांसाठी तीन महिने गेले. लोक सांगतात, आता छोट्यांनाही सगळं जग खुलं आहे. आहे, मी नाही म्हणत नाही. पण आमच्यासारख्यांना त्या दारात उभं करून आधी विचारतात, तू नक्की तूच का? आणि ज्या नावाची माणसं देशभर गल्लोगल्ली आहेत, त्यांना जरा जास्तच वेळ उभं करतात.

गाणं परत लागलं. ब्राझीलवाल्याने एका रविवारी ते वाजवलं आणि व्हिडिओ पाठवला. वाळूचं मैदान, स्पीकरची दोन पुरुष उंच भिंत, आणि पायात काही न घातलेली माणसं जोडीजोडीने सावकाश नाचत आहेत. बास आली की सगळे एकदम खाली वाकतात. चाचांनी तो दुकानात उभ्या उभ्या पाहिला. त्यांच्याबरोबर बायको आली होती. तिने पहिल्यांदाच ते गाणं पूर्ण ऐकलं. “माझ्या झोपेचं कशाला सांगितलं लोकांना?” ती म्हणाली. चाचा लाजले. बुजुर्गांच्या मुलीनेही गाणं ऐकल्याचं कळवलं. तिने लिहिलं, अब्बांना गाण्यात थट्टा आवडायची नाही, पण ही आवडली असती.

आम्ही दुसरं गाणं रेकॉर्ड करतो आहोत. चाचा आता माइकसमोर अवघडत नाहीत. उलट मावसभावालाच सांगतात, घाई करू नको.

एका ॲपवर मात्र अजूनही चाचांच्या नावाशेजारी त्या बुजुर्गांचा फोटो येतो. बाकी सगळीकडे नीट झालं, तिथे नाही. मी दर सोमवारी त्यांना लिहिते. दर सोमवारी अर्ध्या मिनिटात उत्तर येतं. परवा मावसभाऊ म्हणाला, “सोड ना आता, कोण बघतंय तो फोटो?” मी त्याला म्हटलं, तिकडे एक लेक बघते आणि इकडे मी बघते. मग हातातला स्पीकर बाजूला ठेवून या सोमवारचं पत्र लिहायला बसले.